एकाच पोथीतून दोन देह

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळा सरत आला की दगडादगडावर सरडे चढून बसतात. शेपटीसकट वीतभर लांबीचा, मातकट अंगाचा हा जीव एरवी नजरेला पडायचाही नाही. पण नर पुढच्या पायांवर छाती उचलतो, गळ्याखालची घडी पंख्यासारखी उलगडतो आणि त्या करड्या माळावर क्षणभर निळा, काळा, नारिंगी रंग झळकून जातो. घडी मिटते, पुन्हा उघडते. तिथेच गवतात मादी असते. तिच्या पाठीवर तपकिरी नक्षी आहे. गळा मात्र साधा, सपाट. दोघांना शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला हे दोन निराळ्या जातींचे प्राणी वाटावेत.

2016 साली या सरड्यांची स्वतंत्र प्रजाती मांडताना संशोधकांनी तिच्या नावासाठी आपला मराठी शब्दच उचलला. प्रजातीचे नाव ‘सारडा’, आणि चाळकेवाडीचा हा ‘सारडा सुपर्बा’. त्याच शोधनिबंधात एका जातीला ‘सारडा डार्विनी’ असे नाव दिले आहे, आणि ते उगाच दिलेले नाही. 1871 साली ‘द डिसेंट ऑफ मॅन’ लिहिताना डार्विनने याच कुळातल्या सिताना या भारतीय सरड्याची दखल घेतली होती. ग्युंथरच्या भारतीय सरीसृपांवरील ग्रंथातले फुललेल्या गळ्याच्या नराचे चित्र त्याने आपल्या पुस्तकात छापले. हे रंग फक्त विणीच्या हंगामात दिसतात आणि मादीत या पिशवीचा मागमूसही नसतो, हेही त्याने नोंदवले.

नर आणि मादी इतके वेगळे का, याचे डार्विनचे उत्तर आज शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. जगण्याच्या धडपडीत उपयोगी पडणारे गुण नैसर्गिक निवडीने टिकतात. जोडीदार मिळवण्यात उपयोगी पडणारे गुण लैंगिक निवडीने टिकतात. ज्या नराचा गळा अधिक उठून दिसतो त्याची संतती अधिक, म्हणून तसे गळे वाढत जातात. हे खरे आहे. पण माझ्या मते ते अर्धेच उत्तर आहे, आणि राहिलेले अर्धे अधिक अवघड आहे. नराची मुलगीही त्याचीच जनुके घेऊन जन्मते. बापाचा मोठा गळा मुलाकडे जातो तसाच मुलीकडेही जायला हवा. तिला त्याचा उपयोग नाही. उलट ससाण्याच्या नजरेत भरण्याचा धोका आहे. मग निवड नराला एकीकडे आणि मादीला दुसरीकडे नेते कशी? दोघांना वाचायला पोथी एकच आहे. तिच्यातून दोन वेगळे देह कसे निघतात, हा खरा प्रश्न आहे.

पोथी एकच आहे हे म्हणणे अलंकारिक नाही. ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यात लिंग ठरवणारी गुणसूत्रे पक्ष्यांसारखी असतात: दोन झेड असले तर नर, झेड आणि डब्ल्यू असले तर मादी. पण अंडी साधारण 32 अंश सेल्सिअसच्या वर उबली तर दोन झेड असलेली पिल्लेही मादी होतात. अशा माद्या निसर्गातही आढळतात, हे 2015 साली सिद्ध झाले. त्या नुसत्या दिसायला मादी नसतात, अंडी घालतात आणि त्यातून पिल्ले निघतात. म्हणजे जो जनुकसंच एरवी पूर्ण नर घडवतो, तोच उष्णतेत पूर्ण मादी घडवतो. दोन्ही देहांच्या सूचना प्रत्येक पिल्लाच्या अंगी आधीपासून असतात. काय वाचायचे आणि काय सोडायचे, एवढाच फरक.

ते वाचन कसे घडते याकडे वळण्यापूर्वी, नर आणि मादी यांच्यावर येणारे दाब कोणते हे पाहायला हवे. त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा दाब झुंजीचा. घोरपडीचे नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना कवटाळतात आणि पाडायचा प्रयत्न करतात. असे असेल तिथे मोठ्या अंगाला भाव असतो. पण आकार आणि ताकद या गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात गळपट्ट्याच्या सरड्यांचा अभ्यास झाला तेव्हा नराला संतती किती मिळेल याचा अंदाज त्याच्या शरीराच्या किंवा डोक्याच्या मापावरून बांधता आला नाही. तो बांधता आला चाव्याच्या जोरावरून. हे नर भांडताना तोंड वासून उभे राहतात. वासलेल्या तोंडाच्या कोपऱ्यात जबड्याचा स्नायू दिसतो, आणि तो किती रुंद आहे हे प्रतिस्पर्ध्याला चावा घेण्यापूर्वीच कळते. अनेक जातींत नराचे डोके मादीच्या मानाने मोठे असते, त्याचे एक कारण हे.

मोठे होण्याला कोणी लगाम घालत नसता तर नर वाढतच गेले असते. लगाम कुठून येतो याचे सर्वांत बोलके उदाहरण गालापागोस बेटांवर आहे. तिथले समुद्री इग्वाना खडकांवरचे शेवाळ खातात. विणीच्या वेळी नर एका जागी जमतात आणि थोड्या बलदंड नरांनाच बहुतेक समागम मिळतात. म्हणजे लैंगिक निवडीचा कौल ‘आणखी मोठे व्हा’ असाच असतो. मग एल निनोचे वर्ष येते. पाणी तापते, पचणारे शेवाळ मरते, त्याच्या जागी न पचणारे उगवते, आणि उपासमारीत सर्वांत आधी मोठे इग्वाना मरतात, कारण मोठ्या पोटाला लागणारे अन्न तेवढ्या वेळात चरून मिळत नाही. मार्टिन विकेल्स्की आणि फ्रिट्झ ट्रिलमिश यांनी 1997 साली सांता फे आणि हेनोवेसा या दोन बेटांची तुलना केली. चारा कमी असलेल्या हेनोवेसावरचे इग्वाना सांता फेवरच्या मानाने फारच लहान निघाले. पण दोन्ही बेटांवर नरांचा आकार जगण्याला सोयीच्या मापापेक्षा मोठाच होता, कारण समागमाची ओढ त्याला वर खेचत होती. एल निनोच्या काळात या इग्वानांची लांबीही घटते. काहींची तर पाचव्या हिश्श्यापर्यंत. हाडे असलेला पूर्ण वाढीचा प्राणी आखूड होतो, हे 2000 साली प्रसिद्ध झाले. नराचा आकार हा एकदा जिंकून घेतलेला गड नसून चांगल्या वर्षी मिळवायचा आणि वाईट वर्षी सोडून द्यायचा मुलूख आहे, हे इथे स्पष्ट दिसते.

आता मादी. या विषयावरच्या लेखनात ती फार काळ नराची फिकी प्रत म्हणून वावरली, आणि त्याने विषयाचे नुकसानच झाले. मादीच्या अंगावर तिचा स्वतःचा दाब असतो. पोटात जितकी जागा जास्त तितकी अंडी जास्त, म्हणून अनेक सरड्यांत मादीचे धड पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये लांबट असते, आणि काही जातींत तर मादीच एकूण मोठी असते. पण हा नियम तरी सगळीकडे लागू पडतो का? आपल्या भिंतीवरच्या पालीकडे पाहा. पाल एका वेळी दोन अंडी घालते. मोठी पालही दोनच, लहान पालही दोनच. कॅरिबियन बेटांवरचे ॲनोल सरडे तर एका वेळी एकच अंडे घालतात. अशा ठिकाणी मोठ्या पोटाने अंड्यांची संख्या वाढत नाही, त्यामुळे मादीला मोठे करणारी एक ओढ सैल पडते. शिवाय अंडी देणे हेच खर्चाचे काम आहे. तपकिरी ॲनोलच्या माद्यांचे अंडाशय काढून टाकले तर त्या अधिक वाढतात आणि अधिक जगतात, हे रॉबर्ट कॉक्स आणि रायन काल्सबीक यांनी दाखवले. एकेक अंडे घालणाऱ्या प्राण्यालाही मातृत्व इतके महाग पडते. तेव्हा मादी लहान का, याचे उत्तर काही वेळा नराच्या झुंजीत नसून मादीच्या जमाखर्चात असते.

तिसरा दाब चाऱ्याचा. थॉमस शोनर यांनी 1967 साली ग्रँड केमन बेटावरच्या ॲनोलांत दाखवले की मोठा नर आणि लहान मादी वेगवेगळ्या आकाराचे किडे खातात. ज्या बेटावर ॲनोलांची दुसरी जातच नाही, तिथे रिकाम्या जागा नर आणि मादी आपसांत वाटून घेतात. जिथे जातींची गर्दी आहे, तिथे हा फरक आटतो. 2007 साली बटलर, सॉयर आणि लोसोस यांनी मोठ्या अँटिलीस बेटांवरच्या ॲनोलांसाठी हेच व्यापक प्रमाणावर मांडले. खाण्यातला फरक आधीचा की आकारातला, हे मात्र दर वेळी सुटे करून सांगता येत नाही.

या सगळ्या दाबांचे वजन एकत्र करून पाहण्याचा प्रयत्न कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 2003 साली केला. 302 जातींच्या सरड्यांची मापे त्यांनी जमवली. नर आक्रमक असेल तिथे तो मोठा, मादीची वीण मोठी असेल तिथे ती मोठी, असा कल दोन्ही बाजूंनी मिळाला. पण या दोन्ही कारणांनी मिळून फरकाचा थोडाच वाटा समजावला गेला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. कारणे बरोबर होती, तरी हिशेब जुळत नव्हता. म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये काहीतरी बसलेले होते.

तिथे देहाची वाढ बसलेली होती. पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा नर आणि मादी जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो पुढच्या महिन्यांत, आणि तो पाडणाऱ्यांत प्रमुख असते टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक. नर मोठा असेल तर हे संप्रेरक वाढ घडवत असणार, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेतल्या सेलोपोरस प्रजातीच्या सरड्यांवर कॉक्स आणि हेन्री जॉन-ऑल्डर यांनी हे तपासले. त्यांतल्या एका जातीत नर मोठा असतो, दुसऱ्या दोन जातींत मादी मोठी. त्यांनी काही नरांचे वृषण काढले आणि त्यांतल्या काहींना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले. नर मोठा असलेल्या जातीत संप्रेरकाने वाढ जलद झाली. मादी मोठी असलेल्या जातींत त्याच संप्रेरकाने वाढ मंदावली. निरोप तोच, अर्थ उलटा.

हे 2005 सालचे काम मी या विषयातले सर्वांत महत्त्वाचे मानतो, कारण उत्क्रांती नेमकी कुठे हात घालते ते त्यात दिसते. संप्रेरक जुने आहे, ते ओळखणारी यंत्रणा जुनी आहे. बदलतो तो निरोप ऐकून शरीर काय करते एवढाच भाग. मादी मोठी असलेल्या जातींपैकी एकात टेस्टोस्टेरॉनने नर अधिक भटकतो, त्याच्या अंगावर गोचिडीसारखे परजीवी वाढतात, आणि वाढीकडे जाणारी ताकद तिकडे खर्च होते. पुढच्याच वर्षी या अभ्यासाला आणखी एक वळण मिळाले. नर मोठा असणाऱ्या जातीची पिल्ले प्रयोगशाळेत पोटभर अन्न देऊन वाढवली, तर नर आणि मादी यांच्या वाढीतला फरकच नाहीसा झाला आणि वृषण काढण्याचाही परिणाम दिसेना. रानात दिसणारा तो ‘नराचा आकार’ जनुकांत कोरलेला आकडा नव्हता. तो संप्रेरक, भूक आणि जागा यांच्या देवघेवीतून दर पिढीत नव्याने घडत होता.

पोथी एकच असण्याची अडचण तपकिरी ॲनोलात आणखी नेमकेपणाने मोजली गेली. या जातीत प्रौढ नर लांबीने मादीपेक्षा सुमारे 30 टक्के अधिक आणि वजनाने दुपटीहून जास्त असतो. बापांचा आणि मुलामुलींचा हिशेब ठेवून पाहिले, तर लहानपणी भाऊ आणि बहिणी यांच्या आकारातले आनुवंशिक नाते घट्ट होते. ज्या घराण्यातले भाऊ मोठे त्या घराण्यातल्या बहिणीही मोठ्या. वयात येताना हे नाते विरत गेले. त्याच काळात यकृतातल्या जनुकांचे काम पाहिले, तर बालपणी दोघांत जवळजवळ सारखी चालणारी जनुके मोठेपणी वेगवेगळ्या जोराने चालू लागली. आणि लहान माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांची जनुके नराच्या धाटणीने चालली. म्हणजे मादीत नराचा मार्ग बंद नव्हता. दार लोटलेले होते, कडी लागलेली नव्हती.

कधी कधी हे दार किलकिले राहते. पूर्व अमेरिकेत ज्यांना कुंपणावरचे सरडे म्हणतात, त्यांच्या नरांच्या गळ्यावर आणि पोटावर निळे डाग असतात. काही माद्यांतही फिकट निळे डाग उतरतात, आणि अशा माद्यांची वीण उशिरा आणि वजनाने हलकी होते, असे आढळले. बापाचे दान मुलीला नकोसे ओझे होते ते असे. ही ओढाताण सरड्यांत अजून संपलेली नाही. ॲनोलच्या मादीने यावर एक वेगळाच तोडगा काढलेला दिसतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मोठ्या नरापासून तिला मुलगे अधिक होतात आणि लहान नरापासून मुली अधिक. ज्याची जनुके ज्याला फळतील, त्याच्याकडे ती वळवली जातात.

रंगांकडे आता येतो, कारण रंगाचा हिशेब आकाराहून निराळा आहे. आकार एकदा वाढला की सहजी लपवता येत नाही; रंग लपवता येतो. सरड्यासारखा रंग बदलणारा असे आपण माणसाला म्हणतो ते दगाबाजीच्या अर्थाने. प्रत्यक्षात विणीच्या हंगामात बागेतल्या सरड्याचे लाल झालेले डोके हा उघड जाहीरनामा असतो. बंगळूरच्या आसपासच्या खडकांवर राहणाऱ्या सामोफिलस सरड्याचा नर तर समोर मादी आहे की दुसरा नर, हे पाहून रंगांची वेगळी जुळणी करतो. झुंजीच्या वेळी बदल झटपट होतो, प्रियाराधनाच्या वेळी रंगांतला विरोध अधिक ठळक होतो. सिताना आणि सारडा यांचा पंखा हे त्याच युक्तीचे दुसरे रूप. रंग हंगामभर अंगावर असतो, पण घडीत मिटलेला. हवा तेव्हा उघडायचा, घार दिसली की मिटायचा.

आणि सगळे नर एकसारखे तरी कुठे असतात? कॅलिफोर्नियातल्या एका सरड्यात नारिंगी, निळ्या आणि पिवळ्या गळ्याचे तीन प्रकारचे नर आहेत, हे बॅरी सिनर्वो आणि कर्टिस लाइव्हली यांनी 1996 साली दाखवले. पिवळ्या गळ्याचा नर मादीसारखा दिसतो, स्वतःची जागा राखत नाही आणि चोरून समागम साधतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑग्राबीस धबधब्याजवळच्या चपट्या सरड्यांत काही तरुण नर मादीचे रूप धरून मोठ्या नरांच्या मुलखात फिरतात. नजरेला ते फसवतात, पण जिभेने चव घेतली की नराचा वास उघडा पडतो. नर आणि मादी यांच्यातला फरक एकदा स्थिरावला की त्या फरकाचाच वापर करणारे निपजतात.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण शास्त्रज्ञांनीही फार काळ खरी मानली. नर आपली जागा राखतो आणि त्या जागेतल्या माद्या त्याच्याच, या गृहीतावर सरड्यांतल्या लैंगिक निवडीचे पुष्कळसे विवेचन उभे होते. अंबिका कामत आणि जोनाथन लोसोस यांनी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये तपकिरी ॲनोलांच्या भेटीगाठींचा माग काढला, तेव्हा नर आणि मादी दोघेही मानली होती त्याहून जास्त फिरत होते. मादीची गाठ अनेक नरांशी पडत होती, आणि निम्म्याहून अधिक मातांची पिल्ले एकाहून अधिक बापांची होती.  त्या निष्कर्षाने झुंजीचे महत्त्व नाहीसे होत नाही. पण कुंपणाच्या आत काय चालते एवढेच मोजले, तर मादी काय निवडते आणि भटका नर काय मिळवतो हे दोन्ही हिशेबाबाहेर राहते, आणि मग मोठ्या अंगाचे कारण आपण गरजेपेक्षा अधिक खात्रीने झुंजीत शोधतो.

चाळकेवाडीला परतताना हे सगळे सोबत न्यावे लागते. त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचे 2018 साली प्रसिद्ध झालेले काम तिथलेच. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. चक्क्यांच्या भागात ते कमी झाले, म्हणून सरड्यांची दाटी वाढली. शिकारी कमी तर नर अधिक भडक होतील, असे वाटले असते. झाले उलटे. चक्क्यांखालच्या सारडांच्या अंगात ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते. पण दाटीमुळे अन्नाची ओढाताण होती, अंग रोडावलेले होते, आणि गळ्याचे रंग फिके होते. पंख्याचा रंग नराच्या जनुकांइतकाच त्याच्या पोटावरही अवलंबून असावा, असे इथे आपल्याच मातीत दिसते.

यातला किती भाग पोटाचा आणि किती पिढ्यांच्या निवडीचा, हे वेगळे काढायचे तर दोन्ही भागांतली अंडी एका जागी उबवून पिल्ले सारख्या चाऱ्यावर वाढवावी लागतील. नरांचे गळे मोजणे त्यात सोपे. माद्यांचे काय? पंख्याची जनुके त्यांच्याही अंगात आहेत, त्याही ती पुढच्या पिढीला देतात, पण त्यांच्या सपाट गळ्यावर काहीच उमटत नाही. आपल्याकडे वळूच्या अंगचे दूध त्याच्या कालवडी व्यायल्यावर कळते. त्याच रीतीने सारडाच्या मादीकडे कोणता पंखा आहे, हे तिचे मुलगे वयात येऊन माळावरच्या दगडावर चढतील तेव्हाच मोजता येईल.